चौसष्ट हाडं गेली कुठे?

ग्वाल्हेरचा किल्ला चढताना वाटेत एक चिमुकलं देऊळ लागतं. चतुर्भुज मंदिर, अख्खं एकाच खडकातून कोरलेलं. देवाला हात जोडून झाले की जाणकार मंडळी भिंतीकडे वळतात. तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवळाला दिलेल्या फुलबागेचं माप लिहिलंय : एका बाजूने २७० हात, दुसऱ्या बाजूने १८७ हात. शिवाय देवाला वाहायचे ५० हार. या २७० आणि ५० मधलं बारीकसं गोल चिन्ह म्हणजे भारतात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी एक.

आता योगायोग बघा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची हाडं मोजायला बसलात, तर आकडा साधारण २७० च्या घरात जातो. (कुणी ३०० म्हणतं. अर्धवट तयार झालेल्या तुकड्याला हाड म्हणायचं की नाही, यावर ते ठरतं.) तेच बाळ पंचविशी ओलांडेपर्यंत हाडं उरतात २०६. म्हणजे चौसष्ट हाडं गायब! चौसष्ट म्हटलं की इकडच्या माणसाला मितावलीचं चौसष्ट योगिनींचं गोल देऊळ आठवणार, पण हाडं तिकडेही गेलेली नाहीत. चला, शहरातून एक चक्कर मारत शोध घेऊ.

हरवली नाहीत, जुळली

बाळाच्या कपाळाचं हाड दोन फाळ्यांचं असतं, पुढे त्याचं एक होतं. कमरेचं हाड प्रत्येक बाजूला तीन तुकड्यांचं. ते दहावी-बारावीच्या वयात एकमेकांत मुरतात. पाठीच्या कण्याच्या तळाशी पाच मणके असतात, त्यांचं एक त्रिकोणी हाड बनतं. त्याखालच्या चार-पाच बारक्यांचं माकडहाड. एकत्र कुटुंबं फुटण्याच्या काळात आपला सापळा मात्र आयुष्यभर एकत्र होत जातो.

मोजणीचा घोळ जुनाच आहे. चरकसंहितेत हाडं ३६०, कारण तिथे दात आणि नखंही धरलीत. सुश्रुताने शस्त्रक्रियेच्या अंगाने ३०० सांगितली. त्याने नाक-कानातल्या मऊ, लवचीक भागालाही हाडांत घेतलं आणि त्याला फार गोड नाव दिलं : तरुण अस्थी. आज आपण त्याला कूर्चा म्हणतो. मटणाच्या ताटात जे कुरकुरीत चावून खाता येतं, तेच ते.

बाग मोजली हाडाने

शिलालेखातला ‘हात’ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण दीड फूट. त्या हिशेबाने बाग चारशे फुटांवर लांब भरते. म्हणजे शून्य लिहिणाऱ्याची मोजपट्टी हाडांचीच होती! ही पट्टी आजही चालते. अनोळखी सापळा सापडला की न्यायवैद्यक डॉक्टर कोपर ते मनगटाच्या हाडाची लांबी मोजतात आणि त्यावरून माणूस किती उंच असेल याचा अंदाज बांधतात.

आधी साचा, मग माल

गर्भात हाडं दोन तऱ्हांनी तयार होतात. डोक्याची चपटी हाडं थेट पातळ पडद्यात जमतात, दुधावर साय धरावी तशी. हातापायांच्या लांब हाडांचा मात्र आधी कूर्चेचा हुबेहूब नमुना बनतो. मांडीच्या हाडाचा नमुना अगदी चिमुकला असतो, पण वर गोळा, मधे दांडा, खाली दोन फुगवटे असा सगळा घाट त्यात ठरलेला असतो. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास दांड्याच्या मध्यावर पहिलं हाड धरायला लागतं. रक्तवाहिन्या आत शिरतात, कूर्चा विरत जाते आणि तिच्या जागी हाड बसत जातं. घर पाडायचं नाही, भाडेकरूही हलवायचे नाहीत, आणि एकेक वीट बदलत मातीच्या घराचा दगडी वाडा करायचा, असं हे काम.

टोकांना हाड धरायची वेळ बहुतेक करून जन्मानंतर येते. अपवाद गुडघ्याजवळच्या मांडीच्या टोकाचा. तिथला ठिपका जन्माच्या काही आठवडे आधी उमटतो, म्हणून बाळ पूर्ण दिवसांचं होतं का, हे ठरवताना डॉक्टर तो शोधतात.

टाळू भरते कशाने?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत आजही आजी बाळाच्या टाळूवर तेल थापते. टाळू भरणं म्हणतात त्याला. खरं तर टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली उघडी जागा, वर फक्त मजबूत पडदा आणि कातडी. नीट पाहिलं तर तिथे नाडीचे ठोके उडताना दिसतात. ही फट मुद्दाम ठेवलेली आहे. जन्माच्या वाटेत कवटीची हाडं थोडी एकमेकांवर सरकतात आणि डोकं बाहेर येतं. नंतर मेंदू झपाट्याने वाढतो, तेव्हा त्याला जागा मिळते. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची साधारण दीड वर्षाची होईपर्यंत. ती भरते ती कडांवर नवं हाड जमत गेल्याने. तेलाचं श्रेय आजीच्या बोटांतल्या मायेला देऊ. हाडाचं काम हाड करतं.

रांगणाऱ्याची वाटी

रांगणाऱ्या बाळाच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला तर गुडघ्याची वाटी दिसतच नाही! ती असते, पण निव्वळ कूर्चेची, आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. वाटीत हाड धरायला लागतं साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षी, मुलींत जरा लवकर. दिवसाला शंभरदा गुडघ्यावर आपटणाऱ्याला निसर्गाने आधी रबरी वाटी दिली, टणक नंतर. पोरं पडतात आणि लगेच उठून पळतात, त्यात या मऊपणाचाही वाटा आहे.

नाण्यांची चळत आणि साडेपाच फुटांचा विक्रम

उंची वाढते कुठे? हाडाच्या मधोमध नाही. दोन्ही टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, तिला वाढीची चकती म्हणू. तिच्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. वरच्या पेशी विभागून नवी नाणी पाडतात, खालच्या फुगत जातात, कित्येक पट मोठ्या होतात, आणि त्या फुगण्यानेच हाडाचं टोक पुढे ढकललं जातं. मग त्यांच्या जागी हाड. टांकसाळ सुरू आहे तोवर उंची वाढते.

टांकसाळीला कुलूप लावतं इस्ट्रोजेन हे संप्रेरक, मुलांतसुद्धा! १९९४ मध्ये एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. जनुकातल्या दोषामुळे त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा निरोप ऐकूच येत नव्हता. त्याच्या चकत्या तोपर्यंत उघड्याच होत्या, उंची २०४ सेंटीमीटर झाली होती, आणि ती अजून वाढत होती.

उंचीवाचून अडतं असं मात्र कुणी ग्वाल्हेरात म्हणू नये. इथल्याच कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० रोजी साडेपाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या एका मुंबईकराने १४७ चेंडूंत नाबाद २०० काढले. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं ते पहिलं द्विशतक. सचिन तेंडुलकरच्या चकत्या लवकर मिटल्या असतील, पण समोरच्या दक्षिण आफ्रिकेला त्याचा काही उपयोग झाला नाही.

झोपेत वाढणारी कोकरं

‘झोप, म्हणजे मोठा होशील’ हे आईचं वाक्य विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी कोकरांवर तपासलं. कोकरांच्या पायाच्या हाडात बारीक मोजणीयंत्रं बसवली. २००४ मध्ये निष्कर्ष आला : हाडाची नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त वाढ कोकरू आडवं असताना होते. उभं असताना चकतीवर भार असतो, आडवं झालं की ती मोकळी होते. माणसाच्या पोरांत इतकी बारीक मोजणी अवघड, पण आईला पुरावा मिळाला आणि कोकरांना झोप.

मोठ्यांसाठी याच जातीची एक गंमत. सकाळी उठल्या उठल्या भिंतीला टेकून उंचीची खूण करा, रात्री पुन्हा करा. सकाळी तुम्ही सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर उंच भराल. मणक्यांमधल्या कूर्चेच्या गाद्या दिवसभर दाबल्या जाऊन पाणी सोडतात, रात्री ते पुन्हा शोषून घेतात.

मनगट खोटं बोलत नाही

जन्मदाखल्यावर दोन वर्षं कमी लिहिता येतात, मनगटावर नाही. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्मताना त्यांतल्या एकातही हाड धरलेलं नसतं. मग एकेक ठिपका ठरलेल्या क्रमाने उगवत जातो, शेवटचा मटाराएवढा दाणा नऊ ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान. त्यामुळे डाव्या मनगटाचा एक्स-रे बघून डॉक्टर ‘हाडांचं वय’ सांगतात. आपल्याकडे सोळा वर्षांखालच्या क्रिकेटपटूंची अशी तपासणी होते. फिफा सतरा वर्षांखालच्या फुटबॉलपटूंच्या मनगटाचं एमआरआय करते. चकती पूर्ण मिटलेली दिसली की दाखल्याची बोलती बंद.

पाथरवट आणि गवंडी

किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याकडच्या कड्यात तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. सर्वांत उंच मूर्ती पन्नास फुटांच्या वर जाते. बाबराच्या हुकुमाने त्या विद्रूप केल्या गेल्या, पुढे जैनांनी काहींचे चेहरे पुन्हा घडवले. दगडाला स्वतःचा चेहरा दुरुस्त करता येत नाही. हाडाला येतो.

तुमच्या हाडांत या घडीला दोन टोळ्या कामावर आहेत. एक पाथरवटांची : अनेक केंद्रकं असलेल्या धिप्पाड पेशी, हाडाला चिकटून आम्ल सोडतात आणि खड्डा पाडतात. दुसरी गवंड्यांची : त्या खड्ड्यात नवा माल भरतात. भरता भरता काही गवंडी भिंतीतच चिणले जातात. पण ते मरत नाहीत, बारीक तंतूंनी एकमेकांना खबर देत बसतात : इथे भार वाढला, तिथे तडा गेला, माणसं पाठवा. हाडातल्या दहापैकी नऊ पेशी या चिणलेल्या गवंड्यांच्याच. सरासरी दरवर्षी सापळ्याचा दहावा हिस्सा नवा होतो. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत तुम्ही ज्या हाडांवर उभे होता, त्यातलं बरंचसं आता अंगात नाही.

मोडलं की पुन्हा पोटातलं बाळ

हाड मोडलं की शरीर जुनी वही उघडतं. आधी रक्ताची गुठळी, मग दोन-तीन आठवड्यांत तुटल्या जागी कूर्चेचा गोळा, मग त्याच्या जागी हाड, आणि पुढे कित्येक महिने तासून-घासून आकार. कूर्चेचा साचा आणि मग हाड, म्हणजे गर्भातलाच धडा पुन्हा गिरवला जातो! कातडीवर व्रण राहतो, हाड मात्र नीट जुळलं तर व्रण ठेवत नाही. हाडवैद्य असो की अस्थिरोगतज्ज्ञ, त्याचं काम टोकं समोरासमोर आणून हलू न देणं एवढंच. त्यासाठी लागणारं प्लॅस्टरचं बँडेज १८५२ मध्ये डच लष्करी डॉक्टर अँटोनियस मॅथाइसन यांनी आणलं. जोडणी करतो पेशंट स्वतः.

हत्ती छतावर, हाड छताखाली

जयविलास महालाच्या दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छत पेलेल का, हे बघायला वर हत्ती चढवले होते, असं ग्वाल्हेरात कुणीही सांगेल. तुमच्या मांडीच्या हाडाची चाचणी घ्यायला हत्ती आणायची गरज नाही. टणक हाड दाबाला नेहमीच्या काँक्रीटच्या चौपटीहून जास्त टिकतं. तरी आतून ते पोकळ. खुब्याच्या टोकात बारीक जाळी असते, आणि तिच्या काड्या कमानींसारख्या ओळीत लागलेल्या. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये कार्ल कुलमान नावाच्या इंजिनियरने हे कापलेलं हाड पाहिलं आणि तो चमकला : यारीवर भार टाकला की ताणाच्या रेषा अशाच तर जातात!

घरी प्रयोग करायचाय? कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. खनिज विरघळतं, उरतात कोलॅजेनचे धागे, आणि हाड रबरासारखं वाकतं. नुसतं खनिज असतं तर हाड खडूसारखं तुटलं असतं, नुसते धागे असते तर नळीसारखं लोंबलं असतं.

वापरा, नाहीतर गमवा

१८५७ च्या उठावाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९५७ मध्ये, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने ग्वाल्हेरात शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू झालं. आज ते अभिमत विद्यापीठ आहे. तिथल्या मैदानावर पळणाऱ्या पोरांच्या पायांत जे घडतं, त्याला १८९२ मध्ये युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने नियमाचं रूप दिलं : जिथे भार, तिथे हाड. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या दंडाचं हाड दुसऱ्या दंडापेक्षा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाड भरलेलं आढळलंय. उलट टोकाला अंतराळवीर. भारच नाही, म्हणून महिन्याकाठी खुब्यातलं एक ते दीड टक्का खनिज जातं. सोफ्यावर पडून राहणं म्हणजे भाडं न भरता केलेला अंतराळप्रवास.

‘हाडाचा गवई’? चूक!

तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं चघळली की गळा गोड होतो, या श्रद्धेने गवयांच्या पिढ्या ग्वाल्हेरला आल्या. पण अशा माणसाला आपण ‘हाडाचा गवई’ म्हणतो, ते शरीरशास्त्राला धरून नाही. स्वरयंत्राची चौकट सगळी कूर्चेची! म्हणायचंच तर ‘कूर्चेचा गवई’ म्हणा. मिसरूड फुटतं तेव्हा मुलांत पुढची ढालीसारखी कूर्चा भराभर वाढते, तिच्या दोन फळ्यांमधला कोन टोकदार होतो, गळ्यात घाटी दिसायला लागते. आतल्या स्वररज्जू लांब-जाड होतात आणि आवाज फुटतो. मुलींतही ती वाढते, पण कोन पसरट राहतो.

आणखी एक : विशी-पंचविशीनंतर या कूर्चेत हळूहळू हाड धरायला लागतं. म्हणजे पिकलेला गवई थोडाथोडा खरोखर हाडाचा होत जातो! ग्वाल्हेर घराण्याचे कृष्णराव शंकर पंडित, इथल्या मराठी गायकांतलं मोठं नाव, १८९३ ते १९८९ असे ९६ वर्षं जगले. त्यांच्याबाबतीत म्हण शब्दशः खरी धरायला हरकत नाही.

गळ्यातलं खरं हाड एकच. जिभेच्या मुळाशी असलेलं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं. सापळ्यातल्या दुसऱ्या कुठल्याच हाडाशी त्याचा सांधा नाही. ते स्नायूंवर आणि बंधांवर लटकतं. एकटं, पण जीभ त्याच्याच भरवशावर.

ऐकणाऱ्याचे कान

डिसेंबरात तानसेन समारोहाला बसलेल्या आजोबांच्या आणि त्यांच्या मांडीवरच्या नातवाच्या प्रत्येक कानात अशी तीन-तीन हाडं आहेत, जी जवळपास सारख्याच मापाची आहेत. हातोडी, ऐरण आणि रिकीब. ती जन्मतःच मोठ्या माणसाच्या मापाची असतात. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, सापळ्यातलं सर्वांत छोटं हाड. बाकी अंग वाढो न वाढो, ऐकण्याची सोय आधीपासून चोख.

बाहेरचे कान मात्र म्हातारपणी लांबतात. १९९५ मध्ये जेम्स हीथकोट या इंग्लिश डॉक्टरने पेशंटचे कान फूटपट्टीने मोजले : वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर. कातडी आणि धागे सैल पडून कान ओघळतो, हे त्यामागचं मोठं कारण. मोजलेली माणसं किती? बरोबर २०६!

महादजींचा पाय, अटलजींचे गुडघे

१४ जानेवारी १७६१. पानिपतावरून निसटताना महादजी शिंद्यांच्या पायावर पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराचा घाव बसला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवलं. महादजींनी त्याला पुढे भावासारखं वागवलं. जखम भरली, ग्वाल्हेरची सत्ता उभी राहिली, दिल्लीच्या बादशहाला त्यांनी गादीवर बसवलं. पण पाय आयुष्यभर लंगडा राहिला.

अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरात जन्मले, २५ डिसेंबर १९२४ रोजी. पंतप्रधान असताना, २००० आणि २००१ मध्ये, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचे दोन्ही गुडघे बदलले गेले. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हेही मध्य प्रदेशचेच सुपुत्र, नाव काढलं न्यूयॉर्कमध्ये.

हाड पुन्हा उगवतं, मग गुडघा बदलावा का लागतो? कारण तिथे झिजते ती कूर्चा. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर तिचा दोन-चार मिलिमीटरचा थर असतो, बर्फावर बर्फ सरकावा त्याहून गुळगुळीत. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. त्यामुळे झिजताना ती ओरडत नाही. दुखायला लागतं तेव्हा आजूबाजूचे ओरडत असतात. तिचं जेवण म्हणजे सांध्यातला पातळ रस. पाऊल टाकलं की ती स्पंजासारखी पिळली जाते, उचललं की रस शोषते. चालणं हेच तिचं ताट. एकदा गेली की ती परत येत नाही, हे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटरने लंडनच्या रॉयल सोसायटीला १७४३ मध्येच सांगितलं होतं.

याचा पुरावा मिळाला तो अणुबाँबमधून. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत जादा किरणोत्सारी कार्बन सोडला आणि तो त्या वेळी वाढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात शिरला. डेन्मार्कच्या संशोधकांनी गुडघ्याच्या कूर्चेत तो मोजला आणि २०१६ मध्ये जाहीर केलं : तिचे कोलॅजेनचे धागे पोरवयातच विणून संपतात, नंतर जवळजवळ बदलत नाहीत. सत्तरीत जिना चढताना तुम्ही शाळेतल्या दिवसांत विणलेल्या गादीवर पाय देत असता.

बोटं मोडा खुशाल

दृष्ट काढताना कानशिलावर कडाकडा बोटं मोडणाऱ्या आज्यांना दिलासा. तो आवाज हाड घासल्याचा नाही. सांधा ताणला की आतल्या रसात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो ‘कट्’. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तब्बल साठ वर्षं फक्त एकाच हाताची बोटं मोडली, दुसरा हात तुलनेला जपून ठेवला. संधिवात दोन्हींत नाही! २००९ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं.

सांबराचा दरवर्षीचा चमत्कार

शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानातलं सांबर कूर्चेच्या बाबतीत आपल्याला लाजवतं. त्याचं शिंग म्हणजे खरं हाड, आधी कूर्चेतून उगवतं, मग टणक होतं, मग गळून पडतं आणि पुन्हा उगवतं. हरणांच्या मोठ्या जातींत दिवसाला दोन सेंटीमीटरपर्यंत! युक्ती काय? या कूर्चेत रक्तवाहिन्या असतात. आपल्या गुडघ्याला कुणी हे शिकवलं, तर गुडघे बदलणाऱ्यांना दुसरा धंदा शोधावा लागेल. जुन्या सतारींच्या घोड्या सांबरशिंगाच्या असत. आता वन्यजीव कायद्यामुळे उंटाचं हाड किंवा कृत्रिम साहित्य. थोडक्यात, गाणं गायलं जातं कूर्चेतून आणि साथ होते हाडावरून.

आधी आलं, शेवटी संपलं

श्योपूरच्या कुनो राष्ट्रीय उद्यानात १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते उतरले. चित्त्याची हासळी, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, नावापुरतं उरलंय आणि कशाला जोडलेलंही नाही. खांदा मोकळा, म्हणून ढांग लांब. आपली हासळी दणकट, आणि तिचा एक विक्रम आहे : गर्भात सर्वांत आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, हाड धरतं ते तिच्यात, आणि छातीकडचं तिचं टोक पुरतं जुळतं पंचविशीच्या आगेमागे, बहुतेक सगळ्यांच्या शेवटी. दुकान पहिलं उघडणार, शटर शेवटी ओढणार. हरवलेल्या चौसष्टांची फाइल बंद होते ती साधारण इथेच.

गजक खा, पण ऊनही खा

हिवाळ्यात ग्वाल्हेर-मोरेन्यात गजक कुटायचा ठकठक आवाज सुरू होतो. तिळगूळ खाणाऱ्या मराठी माणसाला ती पहिल्या घासात आपली वाटते. शरीरातला ९९ टक्के कॅल्शियम हाडा-दातांत असतो, मोठ्या माणसाला तो रोज १००० मिलिग्रॅम लागतो, आणि शंभर ग्रॅम सालीच्या तिळात साधारण तेवढा सापडतो. मेख अशी की बराचसा असतो सालीत, तोही ऑक्झलेटशी बांधलेला, म्हणजे पचायला अवघड. आणि पांढरेशुभ्र तीळ बहुतेकदा साल काढलेले असतात. शिवाय ‘ड’ जीवनसत्त्व नसेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट आत जातच नाही, आणि ते बनतं उन्हात, कातडीत. तेव्हा गजकेचा पुडा घ्या आणि गच्चीवर जा.

जाता जाता

हाडांच्या पोकळीत जे भरलेलं असतं, त्याला आपल्या भाषेत किती नेमका शब्द आहे : मज्जा! तिथे दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या रक्तपेशी तयार होतात. हा लेख वाचायला तुम्हाला पंधरा मिनिटं लागली असं धरलं, तर तेवढ्यात १८० कोटी. आकड्यात लिहायचं तर अठरावर आठ शून्यं. ती कशी काढायची, हे किल्ल्याच्या वाटेवर ८७६ सालापासून लिहून ठेवलेलं आहे.